बोनलेसचा हिशेब

परवा बाजारातून रावस आणला. लेकीला काटे चालत नाहीत, म्हणून कोळीण मावशींना म्हटलं, "मावशी, बोनलेस करून द्या." त्यांनी झरझर फिलेट काढली आणि डोकं, मधला काटा टोपलीत टाकला. सोबत आलेली आई म्हणाली, "अगं, अर्धा मासा इथेच राहिला की!" मला वाटलं, आईचं नेहमीचंच.

पण ते मनात राहिलं. पुढच्या रविवारी अख्खा रावस आणून घरीच कापला आणि वजन केलं. मासा 1400 ग्रॅम. साल काढलेली फिलेट 590, डोकं 310, मधला काटा आणि पर 240, साल 70, बाकी खवले नि आतडी. म्हणजे मांस जेमतेम 42 टक्के! किलोला 700 रुपये दिले होते. नुसतं मांस साडेसोळाशेच्या वर पडलं.

यात माझ्या सुरीचाही दोष आहेच. डोक्यामागे सरळ घाव घातला की मानेजवळचं जाड मांस डोक्यासोबत जातं. कल्ल्यांच्या कडेने तिरका काप दिला तर ते फिलेटमध्ये येतं. सुरी काट्याला घासत नेली नाही तर त्यावर मांसाचा थर राहतो. माशाचा घाटही बघावा लागतो: मोठ्या डोक्याच्या तिलापियात फिलेट एक तृतीयांशाच्या आसपास निघते, सॅमनमध्ये निम्म्याहून जास्त.

तरी हात कितीही बसला, तरी डोकं आणि काटा उरणारच. आइसलँडमध्ये कॉडची डोकी वाळवून नायजेरियाला पाठवतात, तिथे ती रश्श्यात पडतात. आणि आपण कोकणातली माणसं ती टोपलीत सोडून येतो!

माझं म्हणणं एवढंच, बोनलेस खुशाल खावं, पण उरलेलं मागून घ्यावं. पैसे त्याचेही दिलेले असतात. कल्ले काढून डोकं कालवणात घालावं. काट्यावरचं मांस चमच्याने खरवडलं तर कटलेट होतात, आणि तोच काटा उकळून गाळलेलं पाणी कालवणाला चव आणतं.

त्या रविवारी आईने डोक्यातलं गालाचं मांस काढून लेकीच्या ताटात ठेवलं. मऊ, एकही काटा नाही. तिने ते खाल्लं आणि विचारलं, "अजून आहे?" दुसरा गालही तिलाच गेला.

तुमच्याकडे डोकं कोण खातं? जरूर सांगा.