संगणकाच्या पेटीत पाणी

गेल्या माघात सांगलीहून भाच्याचा दूरध्वनी आला. क्षेमकुशल झाले, हळदीचे भाव झाले, आणि मग जरा घुटमळत त्याने मूळ मुद्दा काढला. "मामा, पोरगा संगणकाची पेटी कापायची म्हणतो आहे. आत पाणी खेळवणार आहे. चाळीस हजार मागतो. तुम्ही आयुष्यभर कर्जाची प्रकरणे तपासलीत, हेही एकदा तपासा. तुम्ही नाही म्हणालात तर तो ऐकेल."

शेवटचे वाक्य मला खटकले. नकार आधीच ठरलेला, केवळ तो दुसऱ्याच्या तोंडून जावा एवढीच अपेक्षा, अशी प्रकरणे बँकेतही येत असत. अशा प्रकरणात मी जागेवर जाऊन पाहणी केल्याखेरीज शेरा मारला नाही. म्हणून त्याच आठवड्यात साताऱ्याहून सांगलीची गाडी धरली.

या वाटेवर यंत्र आणि पाणी यांचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे प्रधानमंत्री झालेले कूपर ते हेच. त्यांच्या कारखान्यातून नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बाहेर पडली. माझ्या लहानपणी वडिलांच्या एका गिऱ्हाइकाच्या विहिरीवर असे इंजिन होते. उपशाच्या पाण्यातली एक बारीक धार नळीने इंजिनाच्या पोटातून फिरवून पाटात सोडलेली असे. विहिरीचे पाणी गार, पण ही धार कोमट. थंडीच्या दिवसांत आम्ही मुले तिच्यावर हातपाय शेकत बसायचो. गाडी किर्लोस्करवाडीला थांबली तेव्हा ती धार पुन्हा आठवली. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेले हे गाव. नांगरापासून सुरुवात करून ते पंपापर्यंत पोहोचले. हा मुलूख तेव्हा सातारकडचाच. सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा निघाला आणि त्याचे आजचे नाव १९६० सालचे. तात्पर्य, तापलेल्या लोखंडाभोवती पाणी फिरवणे ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नव्हे. नवल होते ते विजेच्या यंत्रात ते फिरवण्याचे.

भाच्याची पेढी खाली आणि घर वर. संगणक वरच्या मजल्यावर, पण खालून हळदीची धूळ चढतेच. चिरंजीवांनी पेटीची बाजू उघडून दाखवली, तर आतल्या पंख्यांच्या पात्यांवर पिवळा थर बसलेला. हा मुलगा वास्तुरचनाकारांसाठी न बांधलेल्या इमारतींची चलचित्रे तयार करतो. एकेका कामासाठी संगणक रात्रभर पूर्ण जोराने चालतो. त्यातले ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांपर्यंत तापते आणि मग जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करते. आदल्या मे महिन्यात दोन कामे वेळेत झाली नाहीत आणि एक गिऱ्हाईक तुटले. हे त्याने वडिलांना सांगितलेच नव्हते. वडील समजत होते की पोराला दिव्यांची रोषणाई असलेले खेळणे हवे आहे.

मला माझे बँकेतले दिवस आठवले. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. त्या खोलीत वातानुकूलन, बाहेर चपला काढून प्रवेश. आणि आम्ही माणसे मात्र कुरकुरणाऱ्या पंख्याखाली. यंत्राला माणसापेक्षा गारवा अधिक लागतो हे मी तेव्हाच शिकलो होतो.

मी विचारले, "वातानुकूलन यंत्रच का बसवत नाहीस?" तो म्हणाला, "रात्रभर चालवायचे तर विजेचे बिल पाहा, मामाआजोबा. आणि धूळ तशीच राहील." मग त्याने पाण्याचे गणित मांडले, आणि ते मला पटले. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता उचलते, तेवढी उचलायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून कार्डाच्या आणि प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून लहान पंपाने पाणी फिरवायचे, आणि ते तापलेले पाणी मोटारगाडीत असतो तशा रेडिएटरमध्ये नेऊन मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्यांनी निववायचे. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणकही पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन थंड ठेवला जातो, हे त्याने अभिमानाने सांगितले. अमेरिकेत १९८५ साली निघालेला 'क्रे-२' तर संपूर्णच एका विद्युतरोधक द्रवात बुडवलेला असे.

येथे मी माझी शंका काढली. सांगलीत मे महिन्यात खोलीतली हवाच अडतीस अंशांची. पाणी त्या हवेने निवायचे, तर ते अडतीसच्या खाली उतरणार कसे? "उतरणारच नाही," तो म्हणाला. हे उत्तर मला आवडले. कर्जदाराने आपल्या धंद्याची मर्यादा स्वतःहून कबूल केली की निम्मी तपासणी संपते. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती दुसऱ्या खात्यावर वर्ग करते. खोली पूर्वीइतकीच तापणार. परंतु तळहाताएवढ्या चिपवर कोंडलेला ताप हातभर लांबीच्या रेडिएटरवर पसरला, म्हणजे चिप जळत नाही.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्याची आजी, हे सारे दारात बसून ऐकत होती. तिने एकच विचारले, "पाणी गाळून घेणार ना रे? आणि महिनोन्‌महिने साठलेल्या पाण्यात शेवाळ धरेल, त्याचे काय? ते मारायला औषध घालणार असशील तर मला सांग." आम्ही दोघे हसलो नाही, कारण प्रश्न नेमका होता. अशा नळ्यांत शेवाळ खरोखरच धरते आणि ठोकळ्यांतल्या बारीक खाचा बुजवते. गाळलेले पाणीही चालत नाही. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार त्याच खाचांत बसतात. ऊर्ध्वपातित पाणीच लागते, आणि त्यात वाढ होऊच न देणारे, धातू न गंजवणारे द्रव्य पहिल्याच दिवशी मिसळावे लागते. वाढू देऊन मारणे निराळे आणि वाढायला जागाच न ठेवणे निराळे, एवढ्यावर अक्काचे समाधान झाले. तरी वर्षातून एकदा पाणी बदलायचे आणि तेव्हा शेवाळ दिसले तर तिला दाखवायचे, हे तिने कबूल करून घेतले.

प्रकरण मी मंजूर केले, पण अटींवर. पेढीची वही याच संगणकावर होती. जमाखर्च, जीएसटीची विवरणे, उधारी, सगळे. ज्या पेटीत पाणी फिरणार तिच्यात पेढीची वही असता कामा नये. आधी खाली एक साधा संगणक घ्यायचा आणि तीस दिवस हिशेब त्यावर विनातक्रार चालल्यावरच पत्र्याला करवत लावायची. दुसरी अट, निम्मे पैसे त्याने कामाच्या उत्पन्नातून फेडायचे. भाचा गप्प राहिला. मी नकार देईन, या भरवशावर तो होता.

कापण्याचे काम कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्राकाम करणाऱ्या एका कारागिराकडे झाले. मी पुन्हा सांगलीला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिले. तीन पंख्यांचा रेडिएटर वरच्या पत्र्याखाली बसवायचा होता आणि मूळ पेटीत जागा दोनच पंख्यांची. मुलाने रेखाटन आणले होते. कारागिराने ते बाजूला ठेवून पुठ्ठा मागितला, रेडिएटरच्या मापाचा नमुना कापला आणि पेटीत धरला. "पंख्याची जाडी धरली का, शेठ?" धरली नव्हती. रेडिएटर तीस मिलिमीटरचा, पंखा पंचवीसचा. दोन्ही आत बसवले तर मेमरीच्या पट्ट्यांवर आदळत होते. अखेर रेडिएटर आत आणि पंखे छपरावर, बाहेर, असे ठरले. हार्ड डिस्कचे खण रिव्हेटा काढून सोडवले. पत्र्यावर चिकटपट्टी लावून त्यावर खुणा केल्या, म्हणजे रंग ओरखडत नाही. संगणकाचे एकूण एक सुटे भाग घरी ठेवून रिकामी पेटीच आणली होती, हे बरे झाले. करवतीचा लोखंडी किस सर्किटवर एक कणही पडला तर घात करतो. कडा कानशीने मारून त्यांवर रबरी पट्टी चढवली. स्क्रू मात्र कारागिराने स्वतः निवडले. जरा लांब स्क्रू आवळला की तो थेट रेडिएटरच्या नळीत शिरतो.

मग चाचणी. पंपाला वेगळा वीजपुरवठा, बाकी सारे बंद, प्रत्येक सांध्याखाली पांढरा टिपकागद, आणि चोवीस तास पहारा. पाचव्या तासाला कार्डाजवळचा कागद ओला झाला. आतली रबरी कडी खाचेतून सरकली होती. भाचा शेजारीच उभा होता. मला वाटले, आता हा बोलणार. त्याने काहीच न बोलता पंपाचा प्लग काढला, पंचा आणला आणि पोराच्या हाती दिला. कार्डात वीज नव्हती, म्हणून ते वाचले. दोन दिवस उन्हात नव्हे, पंख्याखाली वाळवले. कडी नीट बसवून पुन्हा चोवीस तास. या वेळी सर्व कागद कोरडे निघाले.

यंदाच्या मे महिन्यात मी सांगलीत आठवडाभर होतो. रात्रभराच्या कामात कार्ड बासष्ट अंशांच्या आसपास राहते. खोली तापते ती तापतेच, अशी अक्काची तक्रार आहे. पण पूर्वी पंख्यांच्या घरघरीमुळे ती पहाटेच्या सामायिकाला गच्चीत जात असे, ती आता त्याच खोलीत बसते. रेडिएटरच्या पाकळ्यांवर हळद बसते, ती दर पंधरवड्याला रंगाच्या कुंचल्याने झाडावी लागते.

निघताना मी सवयीने पेढीच्या नव्या संगणकावरच्या नोंदी चाळल्या. पुढच्या फाल्गुनात भरायच्या रकमांच्या यादीत, विम्याच्या हप्त्याखाली, भाच्याने एक ओळ घातली होती : 'वरच्या यंत्राचे पाणी बदलणे. अक्कांना दाखवून.'