समीक्षेची दुतर्फा पैज

मराठी समीक्षेने जुगाऱ्यांकडून एक युक्ती उचलली आहे आणि तीही अर्धवट उचलली आहे, असा आमचा आरोप आहे. तो नीट मांडायचा तर आधी जुगाराचे गणित मांडावे लागेल. साहित्याच्या अध्यापकांनी त्याला नाक मुरडू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या विलापाचे सूक्त आहे आणि महाभारत द्यूतसभेवाचून पुढे सरकत नाही. विषय आपल्या अभ्यासक्रमातलाच आहे.

व्यावसायिक गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात. खेळ चार दिवस चालतो आणि दोन दिवसांनंतर जवळपास निम्मे खेळाडू गाशा गुंडाळतात. जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडूही बहुतेक आठवडे हरलेलाच असतो. अशा खेळात एकाच नावावर विजयाची पैज लावणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. म्हणून परदेशी बुकींकडे ‘ईच वे’ नावाचा प्रकार रूढ झाला. आपण तिला दुतर्फा पैज म्हणू. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना ‘विन’ आणि ‘प्लेस’ हे शब्द परिचयाचे आहेत. दुतर्फा पैजेत हे दोन्ही एकत्र येतात. शंभराची दुतर्फा पैज लावायची तर दोनशे मोजावे लागतात: शंभर खेळाडू जिंकण्यावर आणि शंभर तो, समजा, पहिल्या पाचांत येण्यावर. दुसऱ्या शंभराला पूर्ण भाव मिळत नाही, त्याचा पाचवा हिस्सा मिळतो. किती क्रमांक धरायचे आणि हिस्सा किती, हे बुकीगणिक बदलते; पण ते खेळ सुरू होण्याआधी जाहीर असते. ही बाब पुढे उपयोगी पडणार आहे.

पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये खेळला, तेव्हा जागतिक क्रमवारीत तो तीनशेच्याही पलीकडे होता. कॅमेरॉन स्मिथने त्याला अवघ्या एका फटक्याने मागे टाकले आणि तो दुसरा आला. त्याच्यावर एकास ऐंशी असा भाव होता असे धरू. विजयावरचे शंभर बुडाले. क्रमांकावरच्या शंभराला सोळापट मिळाले, म्हणजे दोनशे घालून सतराशे हाती आले. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये हाच लाहिरी ब्रूक्स केप्काबरोबर संयुक्त पाचवा होता. पाचव्या जागेचे दोन दावेदार असल्यामुळे क्रमांकावरची निम्मीच रक्कम धरली जाते. भाव तोच मानला तर दोनशेचे साडेआठशे होतात. बरोबरीचासुद्धा हिशेब असतो.

आता खरी मेख. ज्याचा भाव एकास चार आहे अशा लाडक्या खेळाडूवर हीच पैज लावून पाहा. तो तिसरा आला. अंदाज खरा ठरला म्हणून आपण खूष. हिशेब काय सांगतो? विजयावरचे शंभर गेले आणि क्रमांकावरच्या शंभराचे एकशे ऐंशी झाले. दोनशे घालून एकशे ऐंशी परत आले. म्हणणे बरोबर ठरूनही वीस रुपये तोटा. म्हणून निवडीचा पहिला नियम असा: दुतर्फा पैज अनोळखी नावासाठी राखावी. लाडक्यावर एकतर थेट विजयाची पैज लावावी, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊच नये.

गैरसमज नको म्हणून सांगतो, आमची शिफारस पैजेची नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यात कौशल्याचा खेळ व नशिबाचा खेळ असा भेद ठेवला नाही. गोल्फमध्ये कौशल्य खेळणाऱ्याचे असते, पैज लावणाऱ्याचे नव्हे. तेव्हा त्या बंदीबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती ज्यांच्यावर कसलीच बंदी नाही त्या पैजांबद्दल.

आपल्याकडचे कोणतेही परीक्षण उघडा. लेखक नामवंत असेल तर ‘नव्या वाटा चोखाळणारी’, ‘मराठी कादंबरीला पुढे नेणारी’ हे शब्द विजयाच्या खात्यावर पडतात. मग शेवटच्या परिच्छेदात ‘काही ठिकाणी रचना अधिक गोळीबंद झाली असती तर’ असे एक वाक्य क्रमांकाच्या खात्यावर पडते. पुस्तक गाजले तर आम्ही म्हटलेच होते. पडले तर तेही आम्ही म्हटलेच होते. ही दुतर्फा पैज आहे आणि ती नेमकी एकास चारवाल्यावर लावलेली आहे. २०१५ मध्ये भालचंद्र नेमाडे यांना ज्ञानपीठ जाहीर झाल्यानंतर ‘कोसला’चा गौरव करण्यात कोणती जोखीम होती? १९६३ मध्ये पंचविशीतल्या अपरिचित लेखकाची ती कादंबरी रा. ज. देशमुखांनी छापली, तेव्हा भाव वेगळा होता. त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आला. १९७२ मध्ये तेवीस वर्षांच्या नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. तेंडुलकरांनी आपले नाव एका अनोळखी कवीवर लावले आणि तेही थेट विजयावर.

आणि आज तालुक्याच्या गावातून निघालेल्या पहिल्या संग्रहाच्या वाट्याला काय येते? ‘प्रयत्न स्तुत्य आहे’. हे वाक्य कोणत्याच खात्यावर पडत नाही. जिथे दुतर्फा पैज शोभली असती, म्हणजे ‘हा कवी थोर होईल की नाही ठाऊक नाही, पण या संग्रहातल्या या सहा कविता टिकतील आणि त्या अमुक कारणासाठी टिकतील’ असे म्हणता आले असते, तिथे आपण हात आखडता घेतो. जिथे ती तोट्याची आहे, तिथे मुक्तहस्ते लावतो. त्याची किंमत समीक्षक मोजत नाही. न वाचला गेलेला कवी ती मोजतो, आणि एम. ए. च्या वर्गातला तो विद्यार्थी मोजतो ज्याला गुण मिळवण्याचा सुरक्षित मार्ग म्हणून ‘एकीकडे’ आणि ‘दुसरीकडे’ हेच शिकवले जाते.

आम्ही हे कुरुंद्याहून लिहीत आहोत. नरहर कुरुंदकरांचे हे मूळ गाव. त्यांच्या आडनावातच ते आहे. रणजित देसाई यांना त्यांनी लिहिलेले दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. लोकप्रिय कादंबरीकाराची वाहवा करून ते मोकळे झाले नाहीत. शिवाजी महाराजांविषयी लिहिणाऱ्याने कोणत्या प्रश्नांना भिडले पाहिजे, हे त्यांनी त्यालाच विस्ताराने ऐकवले. त्यांची मते अनेकांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण ती कोणत्या बाजूला आहेत याबद्दल कोणाला संशय पडत नाही.

या शिवारात गोल्फ कोणी खेळत नाही. दुतर्फा विचार मात्र इथला शेतकरी दरवर्षी करतो. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन. पाऊस लवकर उघडला तर एक पीक मार खाईल, दुसरे काहीतरी देऊन जाईल. पण या आंतरपिकात ओळी पेरणीच्या दिवशीच मोजलेल्या असतात, बियाणे त्याच्या पैशाचे असते आणि तोटा त्याच्याच घरात येतो. काढणीनंतर ‘मी मुळात तूरच पेरली होती’ असे त्याला म्हणता येत नाही. अनिश्चितता मान्य करणे वेगळे आणि अनिश्चिततेच्या आड लपणे वेगळे.

कोणी म्हणेल, समीक्षा म्हणजे भविष्यकथन नव्हे. समतोल हा तिचा गुण आहे आणि साहित्यात शर्यतीचा निकाल लागण्याचा दिवस नसतो. हे तिन्ही मुद्दे आम्हांला मान्य आहेत. मात्र निकालाचा दिवस नाही म्हणूनच पैजेच्या अटी आधी लिहून ठेवण्याची गरज अधिक आहे. समतोल समीक्षक कृतीत काय साधले, कुठपर्यंत साधले आणि कोणत्या निकषावर, हे सांगतो. पुढे त्याला त्याच निकषावर धरता येते. समतोलाचे सोंग घेणारा गुणदोषांची बेरीज शून्य होईल याची काळजी घेतो. बुकीसुद्धा किती क्रमांक धरणार ते आधी सांगतो. समीक्षकाने निदान तेवढे तरी सांगावे.

द्यूतसभेत द्रौपदीने विचारले होते: स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावू शकतो काय? इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये हा प्रश्न विचारणेच चुकीचे होते अशी भूमिका घेतली, ती पटो न पटो, ती दुतर्फा नव्हती. सभेतल्या सर्वांत वडीलधाऱ्या जाणकाराने, भीष्माने, काय केले? स्वतःला हरलेल्याला परक्यावर हक्क उरत नाही. पण पत्नी पतीच्या अधीन असते. धर्म सूक्ष्म आहे, म्हणून निर्णय देता येत नाही. थेट उत्तर दिले ते विकर्णाने, धृतराष्ट्राच्याच एका मुलाने: द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कर्णाने त्याला पोरसवदा म्हणून झिडकारले.

आमचे विद्यापीठीय चर्चासत्र आजही भीष्माला अध्यक्षस्थानी बसवते. विकर्णाला निदान बोलण्याची वेळ तरी द्या, एवढेच आमचे मागणे आहे.