तीस वर्षं गाडी मारतोय, आता काय शिकायचं राहिलंय?

पाऊस ओसरायला लागला की आपल्या बेळगावात एकच विषय. चोर्ल्याचा रस्ता कसा हाय? कधी निघायचं? गाडी काढून गोव्याला जाणाऱ्यांत हल्ली कॉलेजच्या पोरांइतकीच आपल्या वयाची माणसं दिसतात. मुलं शिकून पुण्याला-बेंगळुरूला गेली, घराचं कर्ज फिटलं, आणि विशीत जी गाडी परवडली नव्हती ती पन्नाशीत दारात आली. चांगलंच आहे. पण यातल्या कुणाला म्हणून बघा, "एक-दोन दिवसांचा सेफ्टी रायडिंगचा कोर्स करा की." उत्तर ठरलेलं: "तीस वर्षं गाडी मारतोय ओ मी, मला कोण काय शिकवणार?"

माझं मत असं, की तीस वर्षं गाडी मारणाऱ्यालाच हा कोर्स जास्त लागतो. का ते सांगतो.

आपण शिकलो कसे ते आठवा. काकाची नाहीतर थोरल्या भावाची येझदी, नाहीतर राजदूत. रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोचं मैदान, मागच्या सीटवर काका. क्लच हळू सोड, गिअर टाक, आणि एक सूचना सगळ्यांना सारखी: "पुढच्या ब्रेकला हात लावू नको, पालथा पडशील." मग आरटीओत आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, लायसन हातात. त्यानंतर कुणी आपल्याला गाडी मारताना बघून "हे चुकतंय" असं सांगितलेलं नाही. तालमीत जुन्या पैलवानालाही वस्ताद टोकतो. आपल्याला टोकणारा कुणी नव्हता.

काकांची ती सूचना त्यांच्या गाडीपुरती ठीक होती. तेव्हा ड्रम ब्रेक होते, टायर निसरडे, रस्त्यावर खडी. आता पुढे डिस्क ब्रेक आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. साडेतीनशे सीसीची गाडी दोनशे किलोच्या आसपास भरते. गाडी पार बदलली, पण उजवा पाय अजून येझदीवरच आहे. घाबरलो की सगळा जोर मागच्या ब्रेकवर. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकात असते. मागचं चाक हलकं होतं, लगेच लॉक होतं आणि घसरतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायला दुप्पट किंवा त्याहून जास्त अंतर लागतं.

हिशेब करून बघा. ताशी ८० वर गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर गेलेलंच असतं. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तरी ३५ मीटरच्या आसपास लागतात. पावसात, पाल्यापाचोळ्यावर त्याहून जास्त. जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघालो की वळणापलीकडचं एवढं दिसतं का? आणि तिथे गवा उभा असला तर?

अनुभव कामाचा नाही असं मी म्हणत नाही. कुठल्या वळणावर माती वाहून येते, ऊस तोडणीच्या दिवसांत रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दिव्याशिवाय कुठे उभा असतो, हे अनुभवच सांगतो. पण रोज जे घडतं, तेवढंच अनुभवाने शिकता येतं. जीव वाचवण्यापुरता जोरात ब्रेक मारायची वेळ तीस वर्षांत दोनदा-तीनदा येते. दोन-तीनदा केलेली गोष्ट हाताला कशी बसणार? ती मुद्दाम, मोकळ्या मैदानात, पन्नास वेळा करावी लागते. कोर्समध्ये तेच करून घेतात.

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली अहवाल आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःचे स्वतः किंवा घरच्यांकडून-मित्रांकडून शिकलेले होते. संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत दोन सेकंदही मिळाले नव्हते. आणि बहुतेकांनी काय केलं? मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं, पुढचा पुरता वापरलाच नाही. देश दुसरा, काळ जुना, पण पायाची सवय आपलीच.

हे मी पुस्तकी म्हणून लिहीत नाही. माझा मावसभाऊ उद्यमबागेत फाउंड्रीत होता. तीनही शिफ्टला, पावसापाण्यात, पंचवीस वर्षं गाडीवर. कधी साधं खरचटलं नाही. पन्नासाव्या वर्षी त्याने मोठी गाडी घेतली आणि चौथ्या महिन्यात जांबोटीच्या पुढे गेला. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर मागच्या टायरची लांबच लांब काळी रेघ होती, वळणाच्या बाहेर जाणारी. कोर्स केला असता तर वाचला असता असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ती रेघ मावशीला काय सांगते ते मला कळत होतं, आणि तिला समजावून सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची.

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. कोर्स केला की अपघात टळले, असं सरसकट नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात दोन हजारांहून जास्त नवशिक्या चालकांवर अभ्यास झाला. कोर्स केलेल्यांचे अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि वेग वाढवायची सवयही. म्हणजे कोर्स करून जो म्हणतो "आता मला सगळं येतं", तो आधीपेक्षा धोक्यात. आपल्या वयाच्या माणसात तर आत्मविश्वास आधीच भरपूर हाय.

म्हणून कोर्स निवडताना बघून निवडा. गुडघा टेकवून वळण घ्यायला शिकवणारा रेस ट्रॅकचा कोर्स वेगळा. मजा येईल, पण चोर्ल्यात त्याचा उपयोग थोडा. आपल्याला पाहिजे तो असा:

एक, त्यात जोरात ब्रेक मारणं पुन्हा पुन्हा करून घेतलं पाहिजे, आणि ते स्वतःच्या गाडीवर. एबीएस लागल्यावर लिव्हर थरथरतो. ज्याला ते माहीत नाही तो दचकून ब्रेक सोडतो.

दोन, वळण आणि हँडल. वेगात उजवीकडे वळायचं तर उजवा हँडल किंचित पुढे ढकलायचा असतो. आपण सगळे नकळत करतोच, पण वळण अचानक आवळत गेलं की विसरतो आणि नजर थेट समोरच्या ट्रकवर. जिकडे नजर तिकडे गाडी.

तीन, बघायला शिकवलं पाहिजे. दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग, हा नियम जो पाळतो त्याला अचानक ब्रेक मारायची वेळच कमी येते.

चार, शिकवणाऱ्याने तुमच्या मागे गाडी चालवून तोंडावर चुका सांगितल्या पाहिजेत. नुसतं सर्टिफिकेट आणि फोटो देणारा असेल तर पैसे वाचवा.

खर्चाचं म्हणाल, तर सायलेन्सर, क्रॅश गार्ड, जॅकेट यांवर आपण किती घालतो ते आपल्यालाच माहीत. आणि एकदा करून भागत नाही. सवय हळूहळू परत जुन्या जागी जाते. दर पावसाळ्यानंतर मोकळ्या मैदानात अर्धा तास, आधी ३० च्या वेगाने, मग ४० च्या, दोन्ही ब्रेक हळूहळू आवळत थांबायचं. याला पैसे लागत नाहीत.

माझी सूचना एवढीच. यंदा गोव्याच्या राइडला निघणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये जो सगळ्यात पुढे असतो, ज्याच्या मागे बाकीचे डोळे झाकून जातात, त्याने आधी कोर्स करावा. वयाने मोठ्याने केला की धाकट्यांना लाज वाटत नाही. कुणी केला असेल तर खाली लिहा: काय शिकवलं, कुठली सवय मोडली, आणि ती मोडायला किती दिवस लागले.