परसबागेतील मूक रखवालदार

दिवाळी सरून थंडी पडू लागली की नांदेड-लातूरकडील घरांच्या परसात आणि गच्चीवरील कुंड्यांत वाल, मेथी, वांगी, टोमॅटो यांना बहर येतो. त्यातच दोन-चार दिवस आभाळ भरून राहिले, की वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटतो. मग घरातील कोणीतरी कापसाच्या फवारणीची बाटली शोधून आणतो. ज्या घरात पाणी गाळून प्यायले जाते आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले जाते, त्याच घराच्या गच्चीवर एका फवाऱ्यासरशी सहस्रावधी जीव नष्ट होतात. तेच विष चार दिवसांनी शेंगेबरोबर स्वयंपाकघरात येते.

एवढे करूनही मावा जात नाही. याचे कारण व्यापारी कुटुंबांना परिचित अशा हिशेबात आहे. माव्याची मादी नराशिवायही थेट पिलांना जन्म देते आणि अनुकूल हवेत ते पिलू आठ-दहा दिवसांत स्वतः प्रजननक्षम होते. हे चक्रवाढ व्याजच होय. त्याला आवर घालणाऱ्या ढालकिड्यास मात्र अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. फवारणीत दोघेही मरतात. परंतु उरलेला मावा लवकर वाढतो आणि त्याला रोखणारा कोणी उरत नाही. कर्ज तसेच राहते, रखवालदार तेवढा जातो.

हे रखवालदार ओळखणे अवघड नाही. लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सर्वांनी पाहिलेला असतो. पण नारिंगी ठिपक्यांची, काळसर, सुसरीसारखी दिसणारी त्याची अळी कीड समजून चिरडली जाते. वस्तुतः मावा फस्त करण्यात तीही प्रौढाइतकीच तरबेज असते. पानावर केसासारख्या देठांच्या टोकाला टांगलेली बारीक अंडी दिसली, तर ती क्रायसोपाची होत. फुलांवर एकाच जागी तरंगत राहणारी सिरफिड माशी स्वतः मकरंदावर जगते, तिची अळी मात्र मावा खाते. वांग्याची पाने खरवडून चाळणी करणारा, मळकट रंगाचा, अंगावर बारीक लव असलेला भुंगेरा ढालकिड्याचाच भाऊबंद असला, तरी तो मित्र नव्हे.

या व्यवस्थेचे सामर्थ्य महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. 2002 साली सांगली भागातील उसावर लोकरी मावा आढळला आणि पाहता पाहता तो महाराष्ट्र व कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात पसरला. पानांच्या खालच्या बाजूस राहणाऱ्या या किडीपर्यंत उंच, दाट उसात फवारा नीट पोहोचत नसे. अखेर डिफा नावाच्या पतंगाची अळी व मायक्रोमस हा कीटक यांनी आणि ईशान्य भारतातून आणलेल्या एन्कार्शिया या सूक्ष्म परोपजीवी कीटकाने त्याला आटोक्यात आणले.

येथे श्रावकाच्या मनात शंका उद्भवेल, की एका जीवाने दुसऱ्यास खावे अशी योजना आपण का करावी? शंका रास्त आहे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, तसेच असतीपोषणही आहे. हिंसक प्राण्यांचे पालन असा त्याचा एक अर्थ केला जातो. म्हणून मित्रकीटक विकत आणून सोडणे आणि आपल्या हाताने विष न घालणे या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात. निसर्गात जे चालले आहे त्याचा कर्ता गृहस्थ नसतो; बाटलीचे झाकण उघडणारा हात मात्र त्याचा असतो. निंबोळी अर्कही कीटकांना अपाय करतोच. तो सौम्य असला तरी अहिंसक म्हणवत नाही.

करावयाचे ते थोडकेच आहे. कडेला चवळी व मोहरी लावावी. कोथिंबीर, बडीशेप, शेपू यांची काही रोपे न खुडता फुलू द्यावीत, कारण मित्रकीटकांना मकरंद लागतो. युरियाचा हात आखडता ठेवावा. त्याने पाला लुसलुशीत होतो आणि मावा वाढतो. मावा दिसल्यावर आठ-दहा दिवस धीर धरावा आणि रोज पानांच्या खाली पाहावे. चार शेंडे जातील, ते खर्ची घालावेत.

हा प्रश्न गच्चीवर संपत नाही, तो दुकानाच्या गल्ल्यापर्यंत जातो. आपल्यातील अनेकांचा व्यवसाय कृषी सेवा केंद्राचा आहे. कीटकनाशक कोणत्या पिकासाठी मंजूर आहे, हे त्याच्या वेष्टनावर छापलेले असते. कुंडीतील भाजीसाठी कोणी कापसाचे औषध सुटे मागितले, तर ते न देणे एवढे तरी दुकानदाराच्या हाती आहे. त्या दिवशीच्या विक्रीत थोडी तूट येईल. पण गिऱ्हाइकाच्या ताटात विष जाणार नाही आणि त्याच्या वालावरचे रखवालदारही वाचतील.