मत्स्यटाकीचा पंप आणि खोक्यावरचा आकडा

गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे फजरसाठी उठलो, तर दिवाणखान्यात पाय टाकताच पाणी. रात्री वीज गेली होती आणि परतही आली होती. सतरंजी चिंब भिजलेली, मत्स्यटाकीखालच्या कपाटात पंप कोरडाच घरघरत होता. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या आपा वर आल्या. "मास्तर, आमच्या छतातून थेंब पडताहेत." त्या रागावल्या नाहीत, पण आम्हाला मान वर करवेना.

मासे पाळण्याचा शौक असलेल्या अनेक घरांत आता मुख्य टाकीखाली दुसरी लहान टाकी ठेवतात. तिला सम्प म्हणतात (कामगारांचा संप नव्हे!). वरचे जादा पाणी पाइपने खाली उतरते, गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हा पंप घेताना आम्ही मोठा तो चांगला, असा हिशोब केला होता. खोक्यावर 'ताशी 3000 लिटर' वाचले आणि पैसे मोजले.

आमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साधारण 250 लिटर. टाकीतल्या पाण्याच्या तीन ते पाच पट पाणी तासाला फिरले की घरगुती टाकीला पुरते. आम्हाला हजार लिटरच्या आसपास हवे होते. जास्त पाणी वर फेकले तर खाली उतरणाऱ्या पाइपला ते झेपत नाही, रात्रभर खळखळ चालते, वर विजेचे बिल. 60 वॉटचा पंप दिवसरात्र चालला की महिन्याला 43 युनिट होतात.

खोक्यावरचा आकडाही जपून वाचावा. तो पाणी अजिबात वर चढवायचे नसतानाचा असतो. शेजारीच 'एच-मॅक्स' लिहिलेले असते. त्या उंचीवर पंप एक थेंबही टाकत नाही. आपली उंची सम्पमधल्या पाण्यापासून वरच्या टाकीतल्या पाण्यापर्यंत मोजायची. आमची चार फूट, म्हणजे 1.2 मीटर भरली. प्रत्येक एल्बो आणि बारीक पाइप आणखी जोर खातो. म्हणून दुसऱ्या वेळी 2000 लिटरचा, एच-मॅक्स अडीच मीटरचा, 30 वॉटचा पंप आणला. धाकट्याने घड्याळ धरले, आम्ही बादली. 10 लिटरला 40 सेकंद लागले, म्हणजे ताशी 900 लिटर. सातवीच्या मुलाला येणारे गणित, पण पहिल्या वेळी आम्हाला सुचले नाही.

आता त्या रात्रीचे. पंप थांबला की पाणी वर चढवणाऱ्या त्याच पाइपातून ते उलटे खाली येते आणि पाइपाच्या तोंडाला हवा लागेपर्यंत येतच राहते. आमचे तोंड पाण्यात 10 सेंटिमीटर बुडालेले होते. टाकीच्या लांबी-रुंदीने गुणले तर 54 लिटर. सम्पमध्ये रिकामी जागा 25 लिटरची. उरलेले आपांच्या छतात. दोष लहान पंपातही तसाच राहिला असता. दुकानदार भाई म्हणाले, "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा." बसवला, पण त्यात क्षार आणि शेवाळ अडकले की तो घट्ट बसत नाही. त्याच्या भरवशावर झोपू नये. आम्ही पाइपाचे तोंड पाण्याखाली दोन सेंटिमीटरवर आणले आणि पाण्याच्या पातळीलगत पाइपाला एक बारीक छिद्र पाडले. तिथून हवा शिरली की उलटा ओघ तुटतो. महिन्यातून एकदा ते छिद्र टाचणीने साफ करावे लागते. पंपाचा पंखाही अधूनमधून सिरक्यात बुडवून धुतो.

वायरीचे सांगायचे राहिले. ती टाकीतून सरळ बोर्डाकडे नेऊ नका. बोर्डाच्या खाली झोळ सोडा, ओघळलेले पाणी तिथूनच टपकते.

सगळे जोडून झाल्यावर पंप चालू असताना सम्पमधल्या पाण्याच्या पातळीवर एक खूण केली, काठाखाली दोन बोटांवर दुसरी. मग आपांना वर बोलावले आणि भर दुपारी मुख्य बटण बंद केले. पाणी चढू लागले तशा आपा पदर सावरून दोन पावले मागे सरकल्या. वरच्या खुणेच्या बरेच खाली ते थांबले. "अजून पाच मिनिटे बघू," आपा म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.