महिन्याचे वाचन : तीन पुस्तके आणि सासूबाई



धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचे आणि दीक्षाभूमीवरून पुस्तके घेतल्याशिवाय आर्णीला परतायचे नाही, हा आमच्या घरचा नेम. यंदा तीन पुस्तके आणली. दिवसभर कापसाची वेचणी, म्हणून वाचन रात्री. मी वाचते; सासूबाई व मुलगी ऐकतात.

पहिले बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६). फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचत. घरच्यांपासून लपवून त्यांनी आपली कहाणी लिहिली. महारवाड्यातले दैन्य, अंगात येणे, सुनांचा छळ, काहीच झाकले नाही. सासूबाई चिडल्या, "हे कायले छापलं वो? लोक हासतीन ना!" पण कोवळ्या सुनांच्या हालांचे वाचताना त्या गप्प झाल्या. त्या रात्री पुढे वाचू दिले नाही.

दुसरे कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१). नागपूरची ही मुलगी संस्कृतात एम. ए. झाली, तरी प्राध्यापकाची नोकरी मिळेना. माहेरचे सोमकुंवर नाव जाऊन लग्नानंतर पावडे लागले, तेव्हा ती मिळाली. मुलीने विचारले, "आई, मार्क तर तेच होते ना?" मला उत्तर सुचले नाही.

तिसरे उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९). बाबासाहेबांच्या चळवळीत उतरलेल्या स्त्रियांची ही हकिकत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षा आपल्या वऱ्हाडातल्या, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. नागपूरच्या जाईबाई चौधरींनी आधी हमाली केली, मग मुलींसाठी शाळा काढली. हे ऐकून सासूबाई उठून बसल्या. "पुन्हा वाच," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वेचणीवरून आले, तर चूल पेटलेली. सासूबाई भाकरी थापत होत्या. मला म्हणाल्या, "तू पुस्तक घे. ते सुनांचं राह्यलं हाये." लग्नाला सोळा वर्षे झाली, अशी भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली.

आता आजी सांगते आणि नात वहीत लिहून घेते. पहिल्याच पानावर आजीने स्वतःच्या सासूबद्दल सांगितले आहे. लोक हसतील, असे त्या आता म्हणत नाहीत.

भगिनींनो, आपल्या घरातही असे न लिहिलेले पुस्तक बसले असेल. एक वही घ्या, आणि त्यांच्याजवळ बसा.