रुपया घसरला म्हणजे नाक कापलं का?

'रुपया घसरला' म्हटलं की आपण मुलांसमोर लगेच हळहळतो. तेल महागतं, हे खरंच. पण 1985 मध्ये अमेरिकेलाच स्वतःचा डॉलर स्वस्त हवा होता! आयातीवर शुल्क वाढवा, अशी तिथल्या संसदेत ओरड चालू होती. सरकारने मात्र न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन यांच्याशी डॉलर उतरवण्याचा करार केला. तेव्हा डॉलरला सुमारे 240 येन पडत. दोनेक वर्षांत 150च्या आसपास आले.

आता मुलांना भागाकार घाला. 2400 येनची वस्तू आधी 10 डॉलरला, मग 16ला. शुल्क न वाढवता 60 टक्के महाग! (जपानी कंपन्यांनी नफा कमी करून बरीच वाढ गिळली, ते वेगळं.) शुल्क आणि चलन हे दोन धडे आपण वेगवेगळे का शिकवतो, सांगा बरं?